एमपीसी घ्यावं का आहे त्या लॅपटॉपवरच भागवावं?

पत्र थोडक्यात: लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातला तेवीस वर्षांचा मुलगा. लहानपणापासून हलगी वाजवतो, आता बँजो पार्टीत ऑक्टापॅडवर (काठीनं वाजवायचे इलेक्ट्रॉनिक पॅड) असतो. दोनेक वर्षांपासून जुन्या लॅपटॉपवर एफएल स्टुडिओ या सॉफ्टवेअरमधे बीट बनवतो, गावातली रॅप करणारी पोरं आणि भीमगीतं म्हणणारी एक ताई त्याच्या बीटवर गातात. लॅपटॉप चार जीबी रॅमचा, मधेच अडकतो, आवाज फुटतो. जयंती आणि लग्नसराईचे पन्नास हजार साठलेत. हैदराबादचा एक जण सेकंडहँड एमपीसी वन (पॅड ठोकून बीट बनवायचं मशीन) पंचेचाळीसला देतोय, पाच हजार आधी पाठव म्हणतो. मित्राचं म्हणणं, "खरे बीट मशीनवरच होतात, लॅपटॉपवर निस्तं माउस फिरवणं." मोठा भाऊ म्हणतो नवा लॅपटॉप घे, फॉर्म भरायला तरी कामी येईल. तो विचारतो, "दादा, फोल्डरमधे शंभराच्या वर बीट अर्धे पडलेत, पूर्ण एक होईना. मशीन घेतलं तर हात बसेल का पैसे पाण्यात जातील?"

भावा,

तुझ्या पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तू शेवटच्या ओळीत उरकलीस, ती शंभर अर्ध्या बीटची. बाकी सगळं पत्र मशीन का लॅपटॉप यावर आहे, पण अडचण तिथं आहे का हेच आधी बघावं लागेल, कारण तू धरून चाललायस की बीट अर्धे राहतात ते माउसमुळं, आणि पॅड आले की ते पूर्ण होतील. होतीलही. पण तू स्टेजवर ऑक्टापॅड वाजवतोस ना, तिथं तर पॅडच आहेत, आणि तिथं गाणं अर्धं राहत नाही कारण पुढं नवरदेव नाचत असतो आणि थांबलास तर लोक ओरडतील. म्हणजे पूर्ण करायची सवय तुझ्या हाताला आहे. घरी एकट्यानं बसलास की ती का जाते हे तुझं तुलाच बघावं लागेल, आणि त्याला पंचेचाळीस हजार लागत नाहीत.

आता मित्राचं बोलणं घेऊ. "खरे बीट मशीनवर" हे त्यानं यूट्यूबवर ऐकलेलं असणार आणि त्यात थोडं तथ्य आहे, थोडी हवा आहे. पहिलं एमपीसी, म्हणजे एमपीसी ६०, आकाई कंपनीनं १९८८ मधे काढलं आणि ते डिझाइन केलं होतं रॉजर लिननं. चार बाय चार असे सोळा रबरी पॅड, तीच रचना आजपर्यंत बऱ्याच कंपन्या वापरतात. पण त्या काळी मशीन का लॅपटॉप असा प्रश्नच नव्हता, घरातल्या काँप्युटरची तेवढी ताकद नव्हती म्हणून मशीन. आणि त्या मशीनच्या आत तरी काय होतं, प्रोसेसर आणि मेमरीच की. तुला मिळतंय ते एमपीसी वन तर टचस्क्रीनवालं छोटं काँप्युटरच आहे, २ जीबी रॅमचं, फक्त त्यात व्हॉट्सॲप नाही. हा व्हॉट्सॲप नसण्याचा फायदा मात्र मी हसण्यावारी नेत नाहीये, त्यावर पुढं बोलतो.

दुसरी गोष्ट म्हणजे आवाज. पोरं म्हणतात मशीनचा आवाज "जाड" येतो, खरखरीत, जुना. तो जाडपणा कुठून आला ते ऐक. ई-म्यू कंपनीचं एसपी-१२०० नावाचं सॅम्पलर, म्हणजे आवाज भरून घेऊन पॅडवर वाजवायचं यंत्र, १९८७ मधे आलं, १२ बिट, २६ किलोहर्ट्झच्या आसपासचा सॅम्पल रेट, म्हणजे आजच्यापेक्षा हलका दर्जा, आणि पूर्ण मशीनमधे मिळून फक्त दहा सेकंद आवाज मावायचा. दहा सेकंद! मग अमेरिकेतली पोरं काय करायची, ३३ च्या वेगाची रेकॉर्ड ४५ वर लावून पटकन सॅम्पल करायची म्हणजे कमी सेकंदात मावेल, आणि मशीनमधे परत हळू करायची. त्या ओढाताणीत आवाज खरखरीत व्हायचा आणि लोकांना तोच आवडला. हे सगळं जागेच्या टंचाईतून आलं. तू घेतोयस ते एमपीसी वन २०२० सालचं मॉडेल, त्याचा आवाज स्वच्छ आहे, तुझ्या लॅपटॉपसारखाच. जुना खरखरीतपणा पाहिजे तर त्यातही इफेक्ट लावावा लागतो आणि एफएलमधेही. म्हणजे आवाजासाठी पंचेचाळीस हजार घालत असशील तर ते कारण खोडून टाक.

आणि "हाताची लय मशीनमधे असते" हेही. अमेरिकेतला बीट बनवणारा जे डिला, नाव मित्रानं सांगितलंच असेल, त्याचं एमपीसी ३००० आज वॉशिंग्टनला स्मिथसोनियनच्या आफ्रिकन-अमेरिकन संग्रहालयात ठेवलंय. पण त्याच्या बीटमधे जी झोकांडी आहे, थोडा मागं थोडा पुढं पडणारा ठोका, त्यात मशीनची कमाल कमी आणि ठोके रेषेत न बसवता हातानं आले तसे ठेवण्याची जास्त. हलगीवाल्याला ही गोष्ट मी सांगायची म्हणजे अवघडच आहे. तुझ्या हातात जो डौल आहे तो एफएलमधे का येत नाही माहितीय का? कारण तू माउसनं चौकोनात ठोके भरतोस, ते सगळे रेषेवर बसतात, वर सगळे एकाच जोराचे. वाजवून रेकॉर्ड कर, क्वांटाइझ (ठोके आपोआप रेषेवर बसवणं) बंद ठेव, आणि मग बघ.

"पण वाजवायला पॅड कुठून आणू, त्यासाठीच तर मशीन" असं तू म्हणशील. पॅड तुझ्याकडं आहे! रोलँडनं पहिला ऑक्टापॅड १९८५ मधे काढला, पॅड-८, आणि गंमत म्हणजे त्याच्यात स्वतःचा एकही आवाज नव्हता. तो निस्ता कंट्रोलर होता, ठोका पडला की मिडीतून दुसऱ्या यंत्राला निरोप द्यायचा आणि आवाज ते यंत्र काढायचं. तुमच्या पार्टीत बहुतेक एसपीडी-२० असेल, मराठवाड्यातल्या निम्म्या बँजो पार्ट्यांत मी तोच बघतो, त्याच्यात आवाज आहेत पण मागं मिडी आउटचं पाच पिनचं गोल भोकही आहे. मिडी ते यूएसबी केबल हजार-दीड हजारापर्यंत येते. ती लावली की तुझा ऑक्टापॅड लॅपटॉपचा पॅड कंट्रोलर झाला. केबलवर इन-आउट लिहिलेलं असतं त्यात सगळ्यांचाच गोंधळ होतो, आवाज आला नाही तर दोन्ही प्लग अदलाबदल करून बघ, केबल बाद आहे असं लगेच ठरवू नको. ऑक्टापॅड पार्टीमालकाचा असेल तर सीझन नसताना मागून आण, पावसाळ्यात तो तसाही पेटीतच पडलेला असतो.

एफएलमधेच एफपीसी नावाचं सोळा पॅडचं ड्रम मशीन आहे, रचना एमपीसीसारखीच. त्यात प्रत्येक पॅडला कुठली नोट ऐकायची ते ठरवता येतं, आणि एकाच पॅडवर हळू ठोक्याला एक आवाज, जोरात ठोक्याला दुसरा असे थर लावता येतात. इथं तुझी हलगी आण. पण नीट आण. हलगी शेकल्यावर लगेच रेकॉर्ड कर आणि सगळे ठोके एकाच बैठकीत घे, कारण कातडं थंड पडलं की सूर उतरतो हे तुला मी सांगायला नको, मग अर्धे सॅम्पल चढे आणि अर्धे उतरे झाले की पूर्ण बीट लंगडतं. फोननं करायचं असेल तर फोन चार-पाच फूट लांब ठेव, जवळ ठेवला की आवाज फुटतो आणि फुटलेला परत जोडता येत नाही. जाड टिपराचा मोकळा ठोका, दाबलेला ठोका, बारीक काडीचा कडक आवाज, कडेचा आवाज, प्रत्येकाचे हळू-मध्यम-जोरात असे वेगवेगळे घे. मग प्रत्येक तुकड्याच्या पुढची शांतता कापून टाक, अगदी ठोक्याच्या तोंडापर्यंत, नाहीतर पॅड मारल्यावर आवाज उशिरा येतो आणि माणूस म्हणतो लॅपटॉप खराब आहे. आणि मोकळा ठोका घुमत असताना दाबलेला ठोका पडला तर घुमणं तिथंच तुटलं पाहिजे, खऱ्या हलगीवर तसंच होतं ना, त्यासाठी दोन्ही पॅड एका कट ग्रुपमधे टाकायचे. एवढं केलंस की जे वाजेल ते कुठल्याच विकतच्या सॅम्पल पॅकमधे नाही.

आता लॅपटॉप अडकतो त्याचं. हे खरं दुखणं आहे. पॅड मारल्यापासून आवाज येईपर्यंतचा वेळ म्हणजे लॅटन्सी, ती बफरवर, म्हणजे लॅपटॉप एका वेळी आवाजाचा केवढा तुकडा तयार करतो त्यावर, ठरते. ४४.१ किलोहर्ट्झला बफर १०२४ असेल तर त्यातच २३ मिलिसेकंद जातात, बाकीचा उशीर वेगळा, आणि ऑक्टापॅडवाल्या हाताला ते लगेच टोचतं. २५६ वर आणलास तर सहाच्या आत-बाहेर येतं, ते चालतं. पण बफर कमी केला की चार जीबीचा लॅपटॉप धापा टाकतो आणि चर्रचर्र करतो. उपाय आहे. हार्ड डिस्क काढून एसएसडी टाक, रॅम आठ जीबी कर, दोन्ही मिळून पन्नास हजाराच्या जवळपासही जात नाही, लातूरला कुठल्याही काँप्युटर दुकानात अर्ध्या दिवसात होतं. एफएलचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (आवाजाचा उशीर कमी करणारं सॉफ्टवेअर) निवड, वाजवताना वायफाय बंद कर. आणि एफएल जर "कुणीतरी दिलेलं" असेल, म्हणजे समजलं ना, तर निम्मं अडकणं त्याच्याबरोबर आलेल्या किड्यांचंही असू शकतं. एफएल एकदा विकत घेतलं की पुढचे अपडेट कायम फुकट असतात. तेवढे आत्ता नसतील तर आकाईचंच एमपीसी बीट्स म्हणून सॉफ्टवेअर फुकट आहे, एमपीसीची काम करायची पद्धत त्यात तशीच आहे, म्हणजे मशीन घ्यायच्या आधीच तुला कळेल ती पद्धत तुला मानवते का नाही.

हे वाचून वाटेल की दादा मशीनच्या विरोधात आहे. नाही रे. मशीनचं मोठं सुख म्हणजे बटण दाबलं की सुरू, त्यावर दुसरं काहीच करता येत नाही. लॅपटॉपवर तू स्नेअर (ड्रमचा कडक ठोका) शोधायला बसतोस, चारशे स्नेअर ऐकतोस, मधे एक रील बघतोस आणि रात्र जाते, बीट राहतं अर्धं. मशीनवर आवाज मोजके भरलेले असतात म्हणून माणूस पुढं सरकतो. ज्याला हे बंधन बाहेरून लागतं त्यानं मशीन घ्यावं, त्यात लाज कसली. तुला लागतं का हे बघायला एक महिना असं कर: सोळा आवाजांचं एकच फोल्डर, बाकी सगळं पेन ड्राइव्हवर काढून आईजवळ दे. नवं बीट सुरू करायचं नाही, त्या शंभरातले ताईला आणि पोरांना ऐकव, त्यांनी निवडलेलेच पूर्ण करायचे, आणि तारीख त्यांनीच ठरवायची, म्हणजे पुढं कुणीतरी थांबलेलं असेल. महिन्यानंतरही जर हात परत परत माउसवर जाऊन गुंतत असेल तर तुझ्यासाठी मशीन योग्य आहे आणि मी स्वतः म्हणेन घे.

पण मग कुठलं? बीट वाजणार कुठं यावर ते आहे. तू घरी बनवून फाइल पोरांना देणार असशील तर लॅपटॉपला दुसरं काहीच भारी पडत नाही, गायकाचा आवाज रेकॉर्ड करायचा, मिक्स करायचा तर शेवटी सगळे लॅपटॉपवरच येतात. स्टेजवर वाजवणार असशील तर गोष्ट बदलते. एप्रिल-मेची दुपार, ट्रॅक्टरवर जनरेटर, धूळ, पुढं डीजेचे बेस, तिथं लॅपटॉप उघडून बसायची माझी तरी हिंमत होणार नाही. पण तिथं एमपीसी वनही ठीक नाही, एकतर त्याला बॅटरी नाही, ॲडॉप्टर निघाला की खेळ खलास. बॅटरी पाहिजे तर एमपीसी लाइव्ह बघावं लागतं, किंवा रोलँडचं एसपी-४०४ एमके टू, ते सहा साध्या पेन्सिल सेलवरही चालतं, लाईट गेलेल्या गावात ही लई मोठी गोष्ट आहे. आणि दुसरं, हे तुझ्यासाठी जास्त महत्त्वाचं, एमपीसीचे पॅड बोटांसाठी आहेत. त्यावर काठी मारायची नाही. तू काठीवाला आहेस, तुझी वर्षांची कमाई मनगटात आहे, बोटांत नाही. स्टेजसाठी सॅम्पलरच घ्यायचा तर एसपीडी-एसएक्ससारखं सॅम्पलिंग पॅड बघ, नऊ पॅड, काठीनं वाजतं, तुझी स्वतःची हलगी त्यात भरता येते, लॅपटॉप लागत नाही. सेकंडहँड मिळतं, ऑर्केस्ट्रावाले विकत असतात. तुझ्या मित्राच्या यादीत हे नाही कारण यूट्यूबवरचे बीटवाले काठीनं वाजवत नाहीत.

ज्यांच्याकडं ऑक्टापॅड नाही अशा वाचकांसाठी, बोटानं वाजवायचं असेल तर एमपीडी २१८ किंवा एमपीके मिनीसारखा छोटा कंट्रोलर पुरे. फक्त एक लक्षात ठेवा, कंट्रोलर मुका असतो, लॅपटॉपशिवाय चूंसुद्धा करत नाही. जुन्या बाजारात नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्स कंपनीचं माशीन एमके थ्री "सॅम्पलर आहे" म्हणून विकतात, तेही लॅपटॉपशिवाय चालत नाही, २०२० मधे आलेलं माशीन प्लस तेवढं एकटं चालतं. विचारूनच पैसे द्या. आणि पाचशे-सहाशे रुपयांत हात बसतो का बघायचं असेल तर फोनवर कोआला सॅम्पलर ॲप आहे, त्यावर पोरं चांगले बीट करतात.

मोठ्या भावाचं एकदम उडवून लावू नको. त्याला गाण्यातलं कळत नसेल पण लॅपटॉप दुसऱ्या कामालाही येतो हे त्याचं बरोबर आहे. फक्त पन्नास हजार एकाच वस्तूत घालू नको. माझ्या हिशोबानं: जुन्या लॅपटॉपची दुरुस्ती, मिडी केबल, एक बरा हेडफोन, आणि ताईचा आवाज नीट घ्यायला साधा ऑडिओ इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडायचा डबा) आणि माइक. यात निम्मेच्या आसपास जातील. उरलेले पुढच्या जयंतीपर्यंत तसेच ठेव. लॅपटॉपचा मदरबोर्डच गेलेला असेल, म्हणजे दुकानदार म्हणाला यात पैसे घालू नको, तर मात्र भावाचं ऐक आणि नवा घे, आठ नाही सोळा जीबीचा बघ.

पत्रात तू मधेच लिहिलंस की जुन्या कॅसेटमधलं भीमगीत तोडून बीट करायचंय. सांभाळून. आपल्याकडं रेकॉर्डिंगवर प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं हक्क असतो, आणि शब्द-चालीवर वेगळा, तो लिहिणारा-रचणारा गेल्यानंतरही ६० वर्षं. दोन सेकंद घेतलं तर चालतं हे कुणीही सांगितलं तरी खोटं आहे, यूट्यूब आपोआप ओळखू शकतं आणि कमाई दुसऱ्याच्या खात्यात जाते किंवा व्हिडिओ उडतो. त्यापेक्षा तुझ्याच भागात काय कमी आहे, गोंधळ्याचं संबळ आहे, पोतराजाचा आवाज आहे, नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या यात्रेत तर चार पावलांवर नवं काही ऐकू येतं. पण तिथंही फोन पुढं करून चोरटं रेकॉर्डिंग करायचं नाही, बसायचं, बोलायचं, वाजवणाऱ्याला त्याच्या सुपारीप्रमाणं पैसे द्यायचे आणि गाणं टाकलंस तर नाव लिहायचं. पार्टीत तुझे पैसे कुणी बुडवले तर कसं वाटतं तुला माहितीय.

राहिला हैदराबादवाला. पाच हजार पाठवू नको. मशीन घ्यायचं नसेल तर प्रश्नच नाही, आणि महिन्यानंतर घ्यायचंच ठरलं तर दुसरं मिळेल, सेकंडहँड एमपीसी काही संपत नाहीत. जेव्हा घेशील तेव्हा समोर बसून बघ: सोळाही पॅड हळू आणि जोरात दाब, एकदा दाबलं की दोनदा वाजतंय का, कोपऱ्यात मेलंय का बघ. गोल बटण हळूहळू फिरव, आकडा उलटा उडी मारतो का. टचस्क्रीनच्या चारी कडांना बोट लाव, एसडी कार्ड घालून काहीतरी सेव्ह कर, बंद करून परत उघड. ॲडॉप्टर मूळचा आहे का, बिल आहे का. जाताना स्वतःचा हेडफोन ने आणि मोठ्या पिनचं कन्व्हर्टर खिशात टाक, विकणारा म्हणतो स्पीकरवर ऐक, पण खरखर स्पीकरवर कळत नाही.